पालखी कोणी अडवली

आमचे हे, महिपती, महाडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. डॉक्टरेट आहे. त्यामुळे गावच्या बायका त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारायच्या. त्यांचा विषय असा: पुष्कळ जण मिळून वाईट वागले, तर त्यात एकेकाचा दोष किती? ‘माझ्या एकट्यानं काय फरक पडला असता’ ही सबब चालत नाही, असं त्यांनी प्रबंधात सिद्ध केलंय. परदेशातल्या लोकांशी त्यावर मोबाईलवर वाद घालतात, समोरचं जेवण गार करून. मी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून येते आणि ते जेवण पुन्हा गरम करते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथं यांची काकी, गोदूबाई, एकटी राहते. यांची आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. मुंबईकरांच्या गाड्या थेट देवळापर्यंत जाव्यात म्हणून गावकीला काकीच्या दारातला फणस तोडायचा होता. काकी म्हणाली, “देवीला फणस नडत नाय. तुमच्या गाड्यांना नडतो.”

झालं! गावकी बसली. काकीशी कुणी बोलायचं नाही आणि शिमग्याची पालखी तिच्या दारात थांबायची नाही, असं ठरलं. ‘वाळीत’ हा शब्द कुणी काढला नाही, कारण तसं करणं कायद्यानं गुन्हा आहे. गावकीचे म्होरके चांगूतात्या. त्यांनी विचारलं, “कुणाची हरकत?” सगळे गप्प. आमचे डॉक्टरही गप्प. घरी आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणे, “अगं, माझ्या एकट्यानं काय फरक पडला असता?” त्या रात्री मी काही गरम केलं नाही.

शिमग्याला आम्ही वर गेलो. काकीनं अंगण सारवून रांगोळी काढली होती, ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. “येईल गो,” मला म्हणाली. “आई हाय ती. तिला गावकी काय सांगनार?”

यंदा खांदा द्यायची पाळी आमच्याही घराची होती. पुढे दोघं, मागे दोघं, आणि मागच्या दोघांत आमचे हे. काकीचं दार जवळ आलं तसे सगळे पाय उचलायला लागले. काकी ताट घेऊन उभीच होती. यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हे जागच्या जागी थांबले. पालखी कलली. पुढचे ओढतायत, पण ती हलेना.

“जड झाली! आई अडली रे!” ढोलवाला ओरडला.

पालखी जड झाली की देवीला पुढं जायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ढोल थांबले. चांगूतात्यांनी टोपी काढून कान धरले. “चुकलं आई, चुकलं आमचं,” म्हणाले. बायका डोळे पुसायला लागल्या. काकी पायरी उतरली. अहो, आता फक्त गप्प बसायचं होतं! त्याचा सराव तर चांगला होता. पण नेमका तेव्हाच यांना कंठ फुटला.

“तात्या, देवी नाही अडली. मी थांबलोय.”

“काय?”

“मुद्दाम थांबलोय. आपण काकीशी वागलो ते चूक आहे. त्यात मीही होतो.”

मला यांचा गळा धरावासा वाटला. तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मुंबईहून आलेला भरत म्हणाला, “डॉक्टर, साइडला हो.” त्यानं खांदा घेतला आणि पालखी वळणावरून निघूनही गेली. जाता जाता तात्यांनी आमचंही घर गावकीतून गाळलं. या वेळी कुणाची हरकत विचारली नाही.

हे पायरीवर येऊन बसले. म्हणाले, “काकी, खोट्याच्या जोरावर तुला न्याय मिळायला नको होता.”

“तुला नको व्हता,” काकी म्हणाली. “मला इचारलंस?” ताट तिच्या हातातच होतं. “आई दारात आल्याली रे. तू परत धाडलीस.”

ती आत गेली. थोड्या वेळानं तिनं आम्हाला जेवायला वाढलं, यांना आवडतं म्हणून पुरणपोळीवर जरा जास्त तूप घातलं.

आता वाडीत काकीशी बोलणारे आम्ही दोघंच आहोत. काकी माझ्याशीच बोलते.