बॅग कोणाच्या हातात

डॉक्टर आले की नर्सने पलंगापासून मागे व्हायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सर्जरीच्या वॉर्डात उमेदीची वर्षं काढताना ते अंगवळणी पडलं. पांढरा कोट दिसला की पाय आपोआप भिंतीकडे वळत. त्याच पायांनी परीक्षेत दगा दिला.

अतिदक्षता विभागातल्या नर्सिंगचा पदव्युत्तर कोर्स तिने चाळिशी ओलांडल्यावर घेतला. लेखी परीक्षेत ती पास झाली. प्रात्यक्षिक रबरी पुतळ्यावर होतं. व्हेंटिलेटर बंद पडलाय असं धरून तिने पुतळ्याच्या डोक्याशी उभं राहायचं आणि श्वासनळीतल्या ट्यूबला जोडलेली बॅग हाताने दाबत श्वास द्यायचा. ते तिने चोख केलं. इतक्यात परीक्षक डॉक्टरांच्या वेषात आले आणि म्हणाले, "सरका."

ती सरकली. बॅग ट्यूबला लोंबकळत राहिली. परीक्षक मुद्दाम फाईल चाळत बसले. पुतळ्याचा श्वास थांबलाय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा निकाल लागला होता.

फेरपरीक्षा एकदाच मिळते. तीही हुकली तर कोर्स संपला आणि पुन्हा जुना वॉर्ड, जिथे निरोपाचा केक कापून झाला होता. वर्गातल्या पोरींनी तिचं नाव 'सरकूताई' ठेवलं. तिने ते कानाआड केलं.

"तुझे हात पास आहेत," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पाय नापास झालेत. समोरच्याने बॅग धरली, 'धरली' असं तोंडाने म्हटलं, की मग सोडायची. तोवर देव आला तरी हलायचं नाही."

घरी सराव सुरू झाला. उशी पेशंट झाली, जुना रबरी चेंडू बॅग झाला आणि नवरा डॉक्टर.

"सरक," तो दारातून म्हणाला.

ती सरकली.

"अगं, मी आहे. माझं एरवी कधी ऐकतेस?"

"आवाज चढव रे," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "डॉक्टर असा मिळमिळीत बोलतो होय? आणि तू गं, घट्ट धर तो चेंडू. मघाशी माझ्या चहात पडता पडता राहिला."

फेरपरीक्षेला खोली तीच होती, परीक्षक नवीन. कोट घातलेल्या उंच बाई तरातरा आत आल्या. "सरका, मला ट्यूब बघायचीय."

तिचा उजवा पाय मागे गेलाच. हात मात्र बॅगवर राहिले, त्यामुळे ती पलंगावर ओणवी, कमान झाल्यासारखी उभी होती.

"बॅग माझ्याकडे आहे, मॅडम. तुम्ही धरलीत की सोडते."

"सरका म्हटलं ना?"

"डावीकडून या. तिथे जागा आहे." बॅग दाबणं चालूच होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डावीकडून येऊन बॅगला हात घातला. "धरली."

तिने सोडली आणि दोन्ही पाय थेट भिंतीला जाऊन टेकले.

"पास," शिकवणाऱ्या बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. "पाय अजून कच्चेच आहेत."

संध्याकाळी ती सोफ्यावर टीव्हीसमोर बसली होती. नवऱ्याने तिच्या हातातल्या रिमोटसाठी हात पुढे केला.

"धरलात?" तिने विचारलं.

"धरला, बाई."

मग तिने सोडला.