नातीची पावलं आणि माझं परिपत्रक

माझ्या फजित्या सांगायला बसलो तर ही किटली तीनदा भरून आणावी लागेल. पण त्यातली एक अशी आहे, की नुसती आठवली तरी अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. तीच सांगतो. हसा खुशाल, फक्त चहा सांभाळा!

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी तेव्हा बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका दूध संघाच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. तोंडावर. माघारी काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं, पण ते इथं चारचौघांत नको.

त्या वर्षी आमच्याकडं इंटरनेट आलं. काय थाट त्याचा! कॉम्प्युटरला वेगळी खोली आणि खोलीला एसी. आमच्या एमडी साहेबांच्या डोक्यावर करकरणारा पंखा, पण कॉम्प्युटरला एसी! चपला बाहेर काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला होता, खोटं नाही सांगत. एकच गोम होती. फोनची लाइन एक, त्यामुळं इंटरनेट सुरू झालं की ऑफिसचा फोन मुका व्हायचा.

आता फुकटची वस्तू मिळाल्यावर माणूस गप्प बसतो होय? कुणी क्रिकेटचा स्कोअर बघतोय, कुणी भाच्याच्या कॉलेजची चौकशी करतोय, कुणी दुबईतल्या मेव्हण्याशी गप्पा हाणतोय. इकडं दुधाचे टँकर अडलेत आणि फोन लागत नाही! मी पेटलो. परिपत्रक काढलं आणि त्या खोलीच्या दारावर स्वतः खळ लावून चिकटवलं. ‘कार्यालयीन वेळेत इंटरनेटचा खासगी वापर करताना कोणी आढळल्यास...’ पुढं तीन टिंबं. मुद्दाम. शिक्षा लिहिली की माणूस हिशेब करतो, टिंबांना नुसता भितो.

आणि नेमकी त्याच महिन्यात आमच्या अर्चनाला मुलगी झाली. कुठं? अमेरिकेत! जावई तिकडं इंजिनिअर. आमची पहिली नात. फोटो पोस्टानं पाठवलाय असा फोन आला आणि त्या दिवसापासून आमची ही, कमल, रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकात उभी. महिना झाला, फोटो काही येईना. शेवटी तो बिचारा पोस्टमनच मागच्या गल्लीनं जायला लागला.

एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ही म्हणाली, “अवं, तुमच्या हापिसात ते इंटरनेट हाय म्हणं.”

“आहे की.”

“जावई म्हणत्यात, त्याच्यावर फोटू त्याच दिशी येतोय.”

“येतो.”

“मंग?”

“मग काय मग? ऑफिसची वस्तू ऑफिसच्या कामाला! मीच नियम मोडला तर उद्या लोकांना काय तोंड दाखवू?”

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. गुपचूप मेथी निवडत राहिली. त्या रात्रीच्या भाजीत पानांपेक्षा देठंच जास्त होती. मी तीही मुकाट्यानं खाल्ली, कारण माझं तत्त्व जिंकलं होतं ना!

पुढच्या गुरुवारी ही म्हणाली, बाजाराला जाऊन येते. मी म्हटलं, जा. मी आपला ऑफिसात.

दुपारी जेवून टेबलावर आलो आणि फोन उचलला. मुका! अर्ध्या तासानं उचलला. मुकाच! मान वर करून बघतो तर खुर्च्या रिकाम्या. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लोटलेलं, बाहेर आमचा शिपाई बबनराव उभा. मला बघून तो असा खोकायला लागला की काय विचारता.

“काय रे, खोकला कधीपासनं?”

“आत्ताच लागला, भाऊसाहेब. लई जोराचा हाय.”

दाराशी चपलांची ही रांग! मोजल्या. अकरा जोड. त्यात बायकांच्यासुद्धा. एका चपलेचा पट्टा पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला. ही चप्पल कुठंतरी बघितलीय असं वाटून गेलं, पण रागात असलेला माणूस विचार करत नसतो. तेवढ्यात आतून आवाज आला.

“आलं, आलं! पाय आलं!”

“गुडघ्यापतोर आलं की गं!”

“म्होरलं कवा येनार?”

“दम धरा, हळूहळू उघडतंय.”

अहो, माझं डोकंच फिरलं! त्या दिवसांत इंटरनेटवर कसली कसली चित्रं असतात ते पेपरात रोज छापून यायचं. आणि हे माझ्या ऑफिसात? माझ्या परिपत्रकाच्या आड? बायामाणसांसकट?

“बंद करा हा चावटपणा!” असं ओरडत मी आत घुसलो आणि भिंतीतली टेलिफोनची वायर धरून हासडली. मशीनची घरघर बंद. मग पडद्यासमोरच्या खुर्चीतून एक बाई सावकाश उठली. एसीच्या गारठ्यानं पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेला, अनवाणी, हातात बाजाराची रिकामी पिशवी.

आमची ही!

“तू? इथं?”

ती भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. तीस वर्षांचा सराव होता. पण ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “पायच तेवढं दिसलं बघा.”

मी पडद्याकडं बघितलं. वरच्या बाजूला दोन इवलीशी पावलं, लालबुंद तळव्यांची. खाली सगळं करडं, रिकामं. आणि एका तळव्यावर काचेवरच काळा ठिपका. एवढी माणसं बघतायत, नातीला दृष्ट लागेल म्हणून हिनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन कॉम्प्युटरला तीट लावलेली!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमची ऑपरेटर वैशाली पुढं आली. लहानपणी आमच्या अंगणात वाढलेली, अर्चनाच्या वर्गातली पोर. म्हणाली, “साहेब, काकूंना मीच बोलावलं. अर्चनाला फोटो पाठवायलाही मीच सांगितलं. माझ्यावर कारवाई करा.”

“मी बी हाय त्यात,” दारातून बबनराव म्हणाला. खोकला एकदम बरा झालेला!

मी तिला म्हटलं, “वायर लाव.”

“पण साहेब, परिपत्रक...”

“परिपत्रक गेलं चुलीत! वायर लाव आधी!”

वायर कसली लागतेय! मी अशी हासडली होती की तिच्या टोकाचा खटकाच मोडला. आत घातली की बाहेर. शेवटी मीच भिंतीशी उकिडवा बसलो आणि वायर अंगठ्यानं दाबून धरली. लाइन पाच वेळा एंगेज लागली, सहाव्यांदा जुळली. फोटो पुन्हा पहिल्यापासून यायला लागला आणि मला जागचं हलायची सोय नाही. हललो की लाइन तुटणार! माझं तोंड भिंतीकडं, नात पाठीमागं. मला आपलं धावतं वर्णन ऐकू येतंय.

“पावलं आली, भाऊसाहेब!”

“गुडघं आलं!”

“दुपट्याची किनार आली. गुलाबी हाय!”

“मूठ आली बघा, मूठ! कशी घट्ट आवळलीया!”

पाऊण तास! पायाला मुंग्या, अंगठा बधिर, पण खोटं कशाला बोलू, त्या पाऊण तासाइतका आनंद मला हेडक्लार्क झालो तेव्हाही झाला नव्हता. मूठ आली म्हटल्यावर मी भिंतीकडं बघून एकटाच हसत होतो.

“झालं! सगळी आली!” वैशाली ओरडली.

मी लंगडत आलो. बघतो तर काय, नात उलटी! पाय वर, डोकं खाली. जावईबापूंनी फोटो तिकडच्या स्कॅनिंगच्या मशीनमध्ये उलटा घातलेला.

“ते तसंच येनार,” बबनराव समजावून सांगायला लागला. “अमेरिका पृथ्वीच्या खालच्या अंगाला हाय न्हवं? तितली मान्सं आपल्या हिशेबानं उलटीच हुबी.”

सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. कमलनं तर खुर्चीवर हात टेकून डोकं पार गुडघ्यापर्यंत नेलं. ते काही मला बघवेना. महिनाभर वाट बघितली बाईनं, आणि आता नात बघायला कसरत करायची?

“मॉनिटर उचला!” मी हुकूम सोडला. “उलटा धरा!”

“साहेब, एक मिनिट ऐका...” वैशाली म्हणाली.

“तू थांब! तुला काय कळतंय?”

त्या काळचे मॉनिटर तुम्हाला आठवतायत ना? चांगलं दहा-बारा किलोंचं धूड. मी एका बाजूनं, बबनराव दुसऱ्या बाजूनं, मागून आणखी दोघं. हय्या करून उचलला, फिरवला, बूड वर, डोकं खाली. आणि नात सरळ झाली! पण मला एक झलक मिळते न मिळते तोच ती पुन्हा उलटी!

“अगं, हे काय केलंस?”

वैशालीचा हात माऊसवर. रडकुंडीला येऊन म्हणाली, “मघापासनं तेच सांगतेय, साहेब. फोटो माऊसनं फिरवता येतो!”

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एमडी साहेब!

“दोन तास बाहेरून फोन लावतोय मी! टँकर तिकडं...” साहेब दारातच थबकले. समोर हेडक्लार्क आणि शिपाई घामाघूम, चौघांच्या हातात उलटा मॉनिटर, आणि बाकीचा स्टाफ माना वाकड्या करून उभा.

“भाऊसाहेब, हे काय आहे?”

वीस वर्षं मी लोकांकडून खुलासे मागत आलो. आज खुलासा द्यायची पाळी माझी! तेव्हा आमची ही पुढं झाली. “साहेब, नात हाय आमची. आज आलीया, अमेरिकेतनं.”

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मॉनिटरकडं बघितलं. मान हळूहळू वाकडी केली. मग मागं फिरले. मी मनात म्हटलं, गेली नोकरी! पण साहेब दाराबाहेर वाकले, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर आत आले.

“आधी पोरीला सरळ करा,” म्हणाले.

आम्ही मॉनिटर खाली ठेवला आणि नात समोर आली. डोळे मिटलेले, मूठ गालाशी. फोटो फिरला पण काचेवरचा ठिपका जागेवरच, त्यामुळं तळव्याची तीट आता बरोब्बर कपाळावर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणजे आलं, त्यात लपवायचं काय?

साहेब कौतुकानं म्हणाले, “नाक कुणावर गेलंय हो?”

मी लगेच छाती पुढं काढली. “म्हणजे, आमच्याकडं बघितलं तर तसं...”

कमल पदरानं डोळे पुसत होती. पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, “नाक आईचं हाय, साहेब. आजोबाचं येवढंच घेतलंय. चार मान्सांनी धरल्याबिगर सरळ व्हत न्हाय.”