उजवीकडची उघाडी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कपाटावरची पितळी दुर्बीण पाहून नातवंडं काही विचारतात, तेव्हा मी मिठागराचं सांगतो, बगळ्यांचं सांगतो, चैत्राच्या उन्हात डोळे दिपवणाऱ्या मिठाच्या राशींचं सांगतो... आणि राघोचं नाव ओठांवर येण्याआधी उठून पाणी प्यायला जातो. आज उठत नाही.

पनवेलच्या खाडीकाठी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एक मिठागर खंडाने घेतलं होतं. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पावसाळा ओसरून चिखल घट्ट झाला की तिथे एक वेगळाच वास सुटायचा — खारट गाळाचा, सुकत चाललेल्या शेवाळाचा, दूर कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या बोंबलांचा. सुट्टीत मी गोदामाच्या माळ्यावर राहायचो. तिथल्या खिडकीतून सगळं मिठागर पसरलेलं दिसे, आणि त्याच्या टोकाला खाडी अडवणारा मातीचा बांध. त्या बांधात शेजारी-शेजारी, चार ढांगांवर, दोन उघाड्या होत्या. लाकडी फळ्या वर ओढून भरतीचं पाणी आत घ्यायची ती दारं. खिडकीतून पाहिलं तर उजवीकडची उघाडी आमच्या मिठागरावर राबणाऱ्या राघोची, डावीकडची धर्मा मुकादमाची. एकाच्या फळ्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा तिथला जुना रिवाज होता आणि तो देवाच्या आणेसारखा पाळला जाई.

त्या वर्षी मीठ पिकत आलं असताना उधाणाचं पाणी आत शिरलं आणि पांढरे वाफे पुन्हा पाण्याचे झाले. भरतीबरोबर जिताडे मासे आत येतात, ओहोटीला उघाडीवर जाळं लावलं की आयते सापडतात. कोणीतरी त्यासाठी फळी उचलतो, असं अण्णांनी ठरवून टाकलं. संशय हा अण्णांचा स्वभावच होता. दुधात पाणी आहे का म्हणून ते भांडं उजेडात धरत. जेवताना त्यांची नजर आपल्या ताटावर कमी, आमच्या चेहऱ्यांवर जास्त असे. बांधावर नजर ठेवायला त्यांना दुर्बीण हवी होती.

मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने आम्ही मुंबईला गेलो. जहाजांचं जुनं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बोहऱ्याचं दुकान होतं. दोरखंडाचा, डांबराचा आणि पितळ घासायच्या चिंचेचा वास अजून नाकात आहे. त्याने दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या.

"शेठ, ही छोटी घ्या. जहाजवाल्यांची आहे, सगळं सीधं दाखवते. मोठी तारे बघायची. तिच्यात माणूस उलटा दिसेल, डावा-उजवा पण फिरेल."

अण्णांनी मोठी डोळ्याला लावून समोरच्या गोदीतल्या शिडाकडे पाहिलं. शिडाचा टाका न् टाका दिसत होता. मग ते माझ्या कानाशी वाकले. "छोटीत खोट असणार. म्हणून गळ्यात मारतोय." आणि मोठ्याने म्हणाले, "उलटा असला तरी माणूसच दिसेल ना? मोठी बांधा."

बोहऱ्याने खांदे उडवले. मी ऐकलं होतं... त्याचं सगळं बोलणं मी नीट ऐकलं होतं.

दुर्बीण आली त्या दिवशी राघो माझ्यासाठी केळीच्या पानात निवट्या, खाडीच्या चिखलातले ते छोटे मासे, घेऊन माळ्यावर आला. मी त्याला अरे-तुरे करत असे, तो माझ्या आजोबांच्या वयाचा असूनही. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"आरं बाला, हिच्यात तं आभाल खाली नि खाडी वर. बगला बग, डोस्क्यावर चाललाय." मग हळूच म्हणाला, "शेठनी ही आमच्यासाठी आनली ना? बगू दे त्यांना. आमी हाय तसं हाय."

मला ती दुर्बीण फार लवकर वश झाली. उलटं जग मनातल्या मनात सुलटं करायची सवय लागली. खालचं आभाळ मी वर ठेवायचो, वरचे बांध खाली. अण्णा आल्या-गेल्याला सांगू लागले, "आमच्या पोराची नजर घारीची आहे." त्यांनी माझं असं कौतुक आधी कधी केलं नव्हतं.

चैत्री पुनवेचं उधाण भर दुपारी आलं. माणसं मिठाच्या राशीच्या सावलीला निजली होती. उन्हाच्या वाफांत बांध थरथरत होता, आणि दुर्बिणीत डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा विरघळलेला एक माणूस फळी ओढत होता. उजवीकडची. मी जिना उतरत ओरडलो. आम्ही पोचेपर्यंत फळी जागेवर होती, बांधावर कोणी नव्हतं, आणि मीठ पाण्याखाली गेलं होतं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर अण्णांनी विचारलं, "कुठली उघाडी?"

"उजवी."

राघोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"पोर खोटा नाय बोलनार, शेठ," तो म्हणाला. "पन मी नाय खोलली."

"दोन्ही खरं कसं असेल रे?"

"ता मना नाय ठाव."

दुसऱ्या दिवशी राघोची झोपडी रिकामी झाली. बायको डोक्यावर हंडे घेऊन पुढे, तो मागे. चोर म्हणून निघालेल्या माणसाला जवळपासच्या कुठल्या मिठागरावर कोण ठेवणार? ते उरणच्या बाजूला गेले.

पुढे काही दिवसांनी मी सहज दुर्बीण लावली. धर्मा मुकादम आपल्या उघाडीवर बसून विडी ओढत होता... उजवीकडे. मी डोळा काढला. तो डावीकडे होता. पुन्हा लावला — उजवीकडे. वर-खाली मी रोज फिरवत होतो. डावं-उजवं फिरवायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. डांबराचा तो वास एकदम नाकात आला आणि बोहऱ्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवले.

मी खाली गेलो. अण्णा कुणाला तरी माझ्या नजरेविषयी सांगत होते. मी परत वर आलो.

धर्मा त्यानंतर भेटला की हसून विचारी, "काय बालशेट, नलीत बराबर दिसतंय ना?" त्याला कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की त्या दिवसापासून मीही अण्णांसारखाच माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहू लागलो — ह्याला माझं गुपित ठाऊक असेल का, त्याला असेल का...

अण्णा गेल्यावर मी राघोचा माग काढत उरणला गेलो. तो लेकीच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. बोटं आपोआप चालत होती, दोन्ही डोळ्यांवर पांढरा सारा पडून दिसेनासं झालं होतं. आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"नली हाय का रं अजून?"

मी ती पिशवीतून नेलीच होती. त्याला समोरच्या होड्या दाखवायच्या, तिच्यात डावं-उजवं कसं फिरतं ते दाखवायचं आणि मग बोलायचं, असं ठरवून. त्याने ती हातात घेतली, पितळेवरून अंगठा फिरवला, सवयीने डोळ्याला लावली.

"काय नाय दिसत," तो हसला. "तुला दिसतंय ना बराबर? मंग झाला."

त्याच्या लेकीने चहा दिला. मी तो प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि दुर्बीण पुन्हा फडक्यात गुंडाळून निघालो. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

त्या दिवशी उरणला जाताना एसटीत मी एक वाक्य घोकत गेलो होतो. त्यात मी त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करणार होतो.

राघोबाबा, ती तुमची उघाडी नव्हती.