पातळ, लुगडं आणि खामगावचं जेवण

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि माझे वडील गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन होऊन तीन-चार महिने. राज्याचं मला माहीत नाही, पण बाबांच्या अंगात चेअरमनपद पहिल्याच दिवशी भिनलं. बंद गळ्याचा कोट शिवून झाला, खिशाला पेन लागलं, आणि साध्या बोलण्यातही ते "त्या अनुषंगाने" म्हणू लागले. बैलानं शेपूट मारली तरी त्या अनुषंगाने दोन शब्द बोलायचे.

अशात एक छापील कार्ड आलं. मुंबईहून सहकार खात्याचे एक मोठे साहेब खामगावला येणार होते. तालुक्यातल्या सगळ्या चेअरमनांना त्यांच्यासोबत दुपारचं जेवण होतं, आणि तेही स्टेशनच्या रस्त्यावर नव्यानं निघालेल्या हॉटेलात. तिथं टेबलावर पांढरी चादर अंथरतात आणि पाणी मागावं लागत नाही, ते आपोआप येतं, अशी त्या हॉटेलची कीर्ती आमच्या पिंपळगाव राजापर्यंत पोचली होती. बाबांनी कार्ड तीनदा मोठ्यानं वाचलं. तिन्ही वेळा "सपत्नीक" या शब्दापाशी त्यांचा आवाज खाली बसला.

कारण पत्नी म्हणजे माझी आई, आणि आई म्हणजे नऊवारी लुगडं. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत कासोटा घट्ट. त्या लुगड्यावर ती विहिरीचं पाणी ओढायची, बैलगाडीवर चढायची, कुंपणावरून उडी मारायची आणि वेळ पडली तर सांडामागे धावायची. गोल पातळ नेसणारी बाई आमच्या गावात एकच, मास्तरांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती चालायची तेव्हा पायाखाली अंडी ठेवली आहेत असं वाटायचं.

बाबांनी जेवता जेवता हुकूम सोडला, "तिथं सगळ्या बाया गोल पातळात येतीन. तुले बी पातळ नेसा लागन."

आई समोर उभी राहून वाढत होती. ती म्हणाली, "अन् तुम्ही काय नेससान?"

"मी? धोतर. वरून कोट."

"तुमच्या धोतराले कासोटा चालते, अन् माह्या लुगड्याले काऊन चालत नाही?"

बाबांनी घास गिळला. असा प्रश्न सोसायटीच्या सभेत आला असता तर त्यांनी तो पुढच्या बैठकीवर ढकलला असता. घरात तशी सोय नव्हती. म्हणून ते चिडले. "तुले नसन नेसाचं तं राह्य घरी! मी एकटा जाईन. सांगून देईन सायबाले, बायको बिमार हाय म्हणून."

मी तेव्हा सोळा वर्षांची, मॅट्रिकला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मला वाटलं, आई आता म्हणणार, की जा एकटे. आईचा स्वभावच तसा होता, ताठ. पण ती उठली. भांडी घासायला बसली आणि मला म्हणाली, "मास्तरीणबाईले बलावून आण."

मी विचारलं, "कायले? तुले खरंच जायचं हाय त्या हॉटेलात?"

राखेचा हात तसाच धरून ती म्हणाली, "हॉटेलाचं काय घेऊन बसली. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, तुह्या बापाच्या बाजूले बसून मी जेवली का कधी? लग्नात घास भरवले तेवढेच. मी उभी राह्यतो, ते जेवतात, अन् मले त्यायची टाळू दिसते. कार्डावर लिहून आलं हाय, दोघं संगं जेवा म्हणून. सरकारच सांगून राह्यलं तं एकदा बसून पाह्यतो."

असं आमच्या घरात कुणी बोलत नसे. मी मास्तरीणबाईंना बोलवायला गेले.

पातळ आणलं कापडवाल्या चाचांकडून. पोपटी रंगाचं, नायलॉनचं. चाचांनी ते हातावर सरकवून दाखवलं, "भाबी, बंबईचा माल हाय. चुरगळतबी नाही अन् फाटतबी नाही." आईनं दोन्ही हातांनी वीत वीत मोजलं आणि त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "चाचा, हे तं पाच वार हाय. बाकीचे चार वार कुठी गेले?" चाचा हसून हसून गादीवर लोळायचे बाकी राहिले.

मास्तरीणबाई चार दिवस शिकवणीला आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी सोबत एक पांढरा परकर आणला. पातळ म्हणे परकरावर नेसायचं असतं, त्याच्या नाडीत निऱ्या खोचायच्या असतात. आईनं तो परकर दोन बोटांनी उचलून पाहिला.

"परकर तं पोरी घालतात, बाई. मी काय या वयात फुगडी खेळाले जाऊन राह्यली काय?"

"अहो, सगळ्या बायका घालतात आता."

"घालू द्या. मले पाय उघडे पडल्यावानी वाटते."

शिकवणी मात्र आईनं सोडली नाही. निऱ्या घालायला ती दोन दिवसांत शिकली. चालायला शिकली नाही. आमच्या अंगणात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, पायांत दावं अडकलेल्या म्हशीसारखी, आणि दर चार पावलांनी थांबून मास्तरीणबाईंना विचारायची, "अन् कुत्रं मांग लागलं तं?" या प्रश्नावर मास्तरीणबाईंच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. मी ओसरीत बसून हसत होते. खरं सांगायचं तर मला आईचं हसू येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती. मास्तरीणबाईंसारखी आई आपल्याला असती तर, असंही एकदा मनात आलं.

जायच्या दिवशी आईनं आतून दार लावून घेतलं. मलाही आत घेतलं नाही. बाहेर आली तेव्हा पोपटी पातळ अगदी चापूनचोपून नेसलेलं, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. दिसत छान होती. फक्त एका रात्रीतून तिची कंबर दुप्पट झाली होती. बाबांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, पेन ठीक केलं आणि म्हणाले, "चला." पोरगी सोबत असेल तरच येते, असं आईनं बजावलं होतं, म्हणून मीही निघाले.

एसटीच्या पायरीवर पहिला घोळ झाला. आईनं सवयीनं पाय उंच टाकला आणि पातळ म्हणालं, इथपर्यंतच. मी खाली वाकून निऱ्या सोडवायला गेले, तर पोपटी काठाखालून मरून रंगाचा काठ डोकावत होता.

"आई, आत काय हाय?"

"लुगडं."

"म्हणजे?"

"म्हणजे लुगडं. परकर नाही म्हटलं मी, तं कशावर नेसू? हळू बोल, ते पुढं बसले हायेत."

मी मनात बेरीज केली. नऊ आणि पाच, चौदा वार. अश्विनातलं ऊन, वरून नायलॉन, आणि एसटी माणसांनी गच्च भरलेली. खामगाव येईपर्यंत आईच्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. कुंकू नाकापर्यंत आलं. मी पदरानं पुसून द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे, घाम अजून येईन."

हॉटेलला गुळगुळीत फरशीच्या पाच पायऱ्या होत्या. वर व्हरांड्यात साहेब उभे, शेजारी तालुक्यातले चेअरमन आणि त्यांच्या बायका, सगळ्या गोल पातळांत, हातांत पर्स धरून. बाबा कोटाची बटणं चाचपत पुढे चढून गेले. आई दुसऱ्या पायरीवर होती आणि तिथंच नायलॉननं दगा दिला. सुती लुगड्यावरून ते सरकायला लागलं. आधी एक निरी, मग दोन, मग सगळा गठ्ठा तिच्या पायांशी येऊन पडला. आईनं दोन्ही हातांनी पातळ धरलं आणि खांबासारखी उभी राहिली. वरच्या बायकांपैकी कुणीतरी तोंडाला पदर लावला.

बाबा मागे वळले. मला वाटलं, आता ते म्हणणार, जा, स्टँडवर जाऊन बसा. आईलाही तेच वाटत असणार, कारण ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. फरशीकडे पाहत होती.

बाबा तीन पायऱ्या उतरून खाली आले आणि हळूच म्हणाले, "सोड ते."

"काय?"

"पातळ सोड. आत लुगडं हाय ना?"

"तुमाले कसं मालूम?"

"अवं, सकाळपासून मालूम हाय. आंधळा हाय का मी? सोड."

"इथं? लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

आईनं कंबरेचा खोचा काढला. बाबांनी पातळाचं एक टोक धरलं आणि चाचांच्या दुकानात कापड गुंडाळतात तसं ते हातावर गुंडाळत गेले. आई जागच्या जागी एक गिरकी फिरली आणि आतलं मरून लुगडं बाहेर आलं. तिनं कासोटा चाचपला, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि उरलेल्या तीन पायऱ्या दोन ढांगांत चढून गेली. मागून पोपटी गाठोडं काखेत मारून चेअरमनसाहेब.

साहेबांनी हात जोडले आणि गाठोड्याकडे पाहिलं. "हे काय?"

"मंडळीचं पातळ हाय, सायेब," बाबा म्हणाले. "तुमच्या कार्डासाठी घेतलं व्हतं. म्हटलं, त्याले बी जेवाले आणा."

साहेब "वा, वा, बसा" म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढची गाडी पकडायची होती. ज्या साहेबांसाठी आमच्या घरात आठवडाभर रणकंदन झालं, त्यांनी आईच्या लुगड्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

टेबलाशी आई बाबांच्या शेजारी बसली. खुर्चीत बसताच एक पाय वर घेऊन तिनं मांडी घातली, कारण लुगड्यात ते जमतं. पातळवाल्या बायका पाय जोडून बसल्या होत्या. बाबांनी गाठोडं मांडीवर ठेवलं. वाढप्यानं मांडीवर टाकायला पांढरा रुमाल आणला, तर म्हणाले, "नको बा, माह्यापाशी पाच वार हाय."

ताटं आली. सगळे जेवू लागले, आई सोडून. ती बाबांचं जेवण होण्याची वाट पाहत होती. हात मांडीवर, नजर त्यांच्या ताटावर, काय संपलं, काय वाढायचं. थोड्या वेळानं वाढप्याला वाटलं, बाईंना नको असेल. तो ताट उचलायला वाकला.

"थांब बे!" बाबा एवढ्यानं ओरडले की साहेबांचा चमचा थांबला. मग आईकडे वळून म्हणाले, "जेव ना."

"तुम्ही आटपा अगुदर."

"इथं वाढणारा तो हाय. तुले काही काम नाही. जेव."

आईनं मान जरा दुसरीकडे वळवून पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग हळूहळू मान सरळ झाली आणि ती बाबांकडे बघत जेवू लागली. टेबलापलीकडून मी दोघांना पाहत होते. आई एवढी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुम्ही घास लय मोठा घेता हो." बाबांना ठसका लागला. पाणी आपोआप आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरी जेवायला बसले. आईनं ताट वाढलं आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली. बाबांनी भिंतीशी उभा असलेला दुसरा पाट ओढला आणि आपल्या पाटाशेजारी मांडला.

"बस."

आई हसली. "अन् मंग भाकरी कोण टाकीन? तुम्ही?"

बाबांनी चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. मी पान उलटलं.

"बरं," बाबा म्हणाले, "सगळ्या टाकून घे. मी थांबतो."

ते खरंच थांबले. शेवटची भाकरी उतरेपर्यंत पाटावर बसून राहिले, पोटात कावळे ओरडत असताना. मग दोघांनी शेजारी बसून निवलेल्या भाकरी खाल्ल्या. असं आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत आई चुलीपुढे गुणगुणायला लागली, आणि बाबा "त्या अनुषंगाने" म्हणायचे विसरले.

मग कापूस फुटला. शेतात सीतादहीची पूजा झाली, दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणीला हात लागला, आणि सगळ्यांची घाई सुरू झाली. नवव्या दिवशी बाबा शेतातून आले ते घामाघूम. पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ लवकर, गाडी भरून उभी हाय." आईनं वाढलं. उभी राहिली. ते जेवून निघून गेले. मग ती एकटी जेवली, आणि पुढं जन्मभर तशीच जेवली.

ही गोष्ट मी पुष्कळ सांगितली आहे. लोक पातळाला हसतात, मास्तरीणबाईंना हसतात, बाबांच्या काखेतल्या गाठोड्याला तर फारच हसतात. कुणी विचारलं, की पुढे ती दोघं शेजारी का नाही जेवली, तर मी वेचणीचं कारण सांगते, त्या काळाची रीत सांगते. सोळाव्या वर्षी मला भाकरी चांगली येत होती. आईपेक्षाही गोल यायची. मी चुलीपुढे बसले असते तर आई त्या पाटावर बसली असती, रोज. तेव्हा मला ते सुचलं नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

सुचलं होतं.