पांढऱ्या कागदावरचं बोडण

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, "आपल्या स्टॅनमोरच्या घरी ती पुएब्लो नाचाची चित्रं होती, त्यांचं काय झालं?" ती चित्रं आपली नव्हती, शेजारणीची होती. तिच्या हॉलमध्ये तुमची आई इतकी खेळली की तिला ती आपलीच वाटतात.

लंडनच्या कडेला स्टॅनमोरमधली ही शेजारीण चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. तरुणपणी ती अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेली होती. तिथल्या पुएब्लो आदिवासींच्या गावातल्या एका चित्रकाराची दोन जलरंगातली चित्रं तिने आणली होती. विधीच्या नाचातल्या पुरुषांची ओळ, हातात हिरव्या डहाळ्या, एकेक पीस वेगळं मोजता येईल इतकं रेखीव. पायाखाली मात्र जमीन नाही, वर आभाळ नाही. नुसता पांढरा कागद.

"हे उभे कशावर आहेत?" मी एकदा विचारलं.

"ते काढणाऱ्याला ठाऊक," ती म्हणाली. त्या गावात नाचाच्या वेळी कॅमेरा चालत नाही, आणि चित्रं काढली म्हणून काही वडीलधारे आपल्याच चित्रकारांवर रागावले होते, हेही तिनेच मला सांगितलं.

तुमच्या मामाच्या जन्मानंतर सासू-सासरे पुण्याहून आले आणि सासूबाईंनी बोडण करायचं ठरवलं. बोडण म्हणजे परातीत अन्नपूर्णा ठेवायची आणि दूध, दही, तूप, मध, साखर, पुरण असं घालत चार सवाष्णी आणि एका कुमारिकेने ते हातांनी कालवायचं. पुरुषाने बघायचं नाही. सासूबाई, मी, दोन डॉक्टरांच्या बायका आणि आठ वर्षांची तुमची आई, अशा पाच जणी जमल्या. अडलं गाईपाशी. कालवलेलं शेवटी गाईला घालायचं असतं. स्टॅनमोरमध्ये गाय कुठली?

शेजारणीच्या ओळखीचा वॉटफर्डपलीकडे एक शेतकरी होता. "मी कारने नेते," ती म्हणाली, "पण मला बघू दे ना."

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई आहे, बसू दे. पण कुठे बोलणार नाही ना?"

"नाही हो आई. मी ओळखते तिला."

ती सिंकजवळच्या स्टुलावर गप्प बसली. कागद, पेन्सिल काही आणलं नव्हतं. कालवता कालवता सासूबाईंच्या अंगात आलं. अंबाडा सुटला, कोपरापर्यंत हात माखले, त्या मध मागू लागल्या. तसं त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी शेजारणीने आम्हाला गाईपाशी नेऊन आणलं.

दोन महिन्यांनी तुमचे आजोबा सासऱ्यांना घेऊन पुस्तकं परत करायला गेले. आल्यावर मला हळूच म्हणाले, "अगं, लायब्ररीत आई आहे."

"काहीतरीच. त्या वर झोपल्यात."

"भिंतीवर आहे. बाबांनीही पाहिलं."

मी कोट चढवून निघाले. स्थानिक हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं. पांढऱ्या कागदावर पाच जणी, मध्ये परात, ना स्वयंपाकघरातलं खालचं लिनोलियम, ना सिंक. मोकळ्या केसांच्या, मिटल्या डोळ्यांच्या सासूबाई. हुबेहूब. एक गृहस्थ चष्मा वर करून बघत होते.

मी तिथून थेट शेजारणीच्या घरी गेले. "मी आदरानेच काढलंय," ती म्हणाली. "नाव कुठे दिलंय कुणाचं?"

"नाव कशाला हवं? चेहरा आहे."

"तुला तर माझी पुएब्लो चित्रं किती आवडायची!"

"तो चित्रकार त्यांच्यातला होता. तुला मी शब्द देऊन आत घेतलं होतं. काढ ते चित्र."

"शनिवारी उतरवतीलच की," ती म्हणाली आणि चहा विचारला.

सासूबाईंना मीच सांगितलं. लपवणं मला जमत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यांनी पाहिलं?" मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारणीकडे मी पुन्हा गेले नाही. पुढे ती घर विकून गेली. चित्रं तिच्याबरोबर गेली असणार.

नव्वद सालानंतर एडिनबराला माझ्या धाकट्या जावेला मुलगी झाली. तिथेही बोडण ठरलं. तुमच्या आजोबांबरोबर मी आदल्या दिवशीच ट्रेनने गेले, पुरण मी शिजवलं, मीच वाटलं. सकाळी जाऊ नजर चुकवत म्हणाली, "ताई, आत चौघी झाल्यात हो."

मी पुरणाचं पातेलं घेऊन दाराशी गेले. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं.

"दमली असशील. बस जरा बाहेर," त्या म्हणाल्या, आणि दार आतून लावून घेतलं.