विहिरीचं केंद्र

बावड्याच्या दगडाबाई शिकल्या दुसरीपर्यंतच, पण राज्यघटना त्यांना तोंडपाठ होती. धाकटी सून प्राची स्पर्धा परीक्षेसाठी मोठ्यानं वाचायची आणि दगडाबाई शेजारी बसून मेथी निवडत ऐकायच्या.

दोन्ही लेकांच्या चुली वेगळ्या होत्या, विहीर तेवढी सामाईक. चार दिवस हिंदुरावची पाळी, चार दिवस रणजितची. त्यात दोन दिवस वीज गेली. ते दिवस पाळीत धरायचे का न्हाय, यावरून सकाळीच दोघं भाऊ खोरी घेऊन मोटारीपाशी उभे राहिले.

दगडाबाई तिथं गेल्या. म्हणाल्या, "चूल राज्यसूचीत हाय, तितं मी कधी बोलले न्हाय. विहीर समवर्ती सूचीत. तुमचं जमत न्हाय, तर केंद्राचं चालंल."

"केंद्र कोण?" हिंदुरावनं विचारलं.

दगडाबाईंनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"ही हुकूमशाही झाली," रणजित म्हणाला.

दगडाबाईंनी सुनेला हाक मारली. "प्राची, राज्यांच्या सीमा कोण बदलतं गं?"

"संसद, आत्याबाई. राज्यांचं मत नुसतं विचारायचं, संमती लागत न्हाय."

दगडाबाईंनी दोघांच्या शेतांमधल्या बांधाकडं शांतपणे पाहिलं. सातबारा अजून दगडाबाईंच्याच नावावर होता.

दोघांनीही खोरी खाली ठेवली.