पूर्ण नाव सांगा

त्या दिवशी कुंभार पिंपळगावच्या समाजमंदिरात, भर उन्हाळ्यात, आमच्या मशीनची परीक्षा होती.

आमच्या आरोग्य प्रकल्पाचं काम साधं. बीपी-शुगर असलेल्या बायकांना रोज सकाळी मशीनचा फोन जातो, गोळी घेतली का विचारतो. लिहिता-वाचता न येणारीनं फक्त बोलायचं. नोंदणीसुद्धा बोलूनच, मशीन म्हणतं, तुमचं पूर्ण नाव सांगा. पैसे देणाऱ्या संस्थेचे दोन साहेब हे बघायला आले होते. त्यांना पटलं नाही तर प्रकल्प सुरू होण्याआधीच बंद, आणि बायका रामभरोसेच.

पहिलीनं स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मधलं नवऱ्याचं गाळलं. मशीन पुन्हा तेच म्हणालं. दुसरीनं लाजत चक्क उखाणा घेतला. तो मशीनला झेपला नाही. बायका हसल्या, साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मी जालना शहरात वाढलेली, नवऱ्याला दिवसातून पन्नासदा नावानं हाका मारणारी. चाचणी घेतली तीही ऑफिसातल्या माझ्यासारख्याच मुलींवर. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं इथल्या बायका मानतात हे मला माहीत होतं, पण डोक्यातच आलं नाही. स्वतःचा असा राग आला. बदल करायला मशीन बनवणारी कंपनी पैसे मागणार, पैसे साहेब देणार, आणि साहेबांना आधी चालू मशीन दिसायला हवं.

एक साहेब हळूच म्हणाले, तंत्रज्ञान अजून तयार दिसत नाही.

तेव्हा बचत गटाच्या अध्यक्ष मावशी उठल्या. सत्तरीच्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या. त्यांचे यजमान हृदयाच्या दुखण्यानं घरी अंथरुणाला खिळलेले. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणायला हवं होतं. मी गप्प बसले.

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि जन्मात न घेतलेलं यजमानांचं नाव सरळ घेतलं. नोंदणी झाली, मशीन म्हणालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी मात्र तोंडाला पदर लावला. मग मावशींकडे बघत एकेक जण नाव सांगायला उठली.

मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या बोटांत पदर चुरगळत होता. "त्यायला काही व्हायचं न्हाई ना, ताई?"

"काही होत नसतं, मावशी," मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

पैसे मिळाले. पहिलं काम केलं ते तो प्रश्न बदलून घेण्याचं. आता मावशींना सकाळी सातला फोन जातो आणि त्यांचं उत्तर माझ्या मोबाइलवर दिसतं. मी असलं काही मानत नाही. तरी ते दिसेपर्यंत मी चहा घेत नाही.

गेल्या सोमवारी आठ वाजले तरी उत्तर नव्हतं. मी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग यजमानांनीच उचलला. मावशी पाणी भरायला गेल्यात, म्हणाले.

"कोन बोलून राह्यलंय?" त्यांनी दोनदा विचारलं. मला माझं नावसुद्धा सांगता आलं नाही.